लिंबाखालचं बुशिंग

कुहीजवळच्या त्या गावात ट्रान्सफॉर्मरचं तडकलेलं बुशिंग मी बदललं. चिनी मातीचा पोकळ नळा तो. वीज लोखंडी टाकीला शिवू नये म्हणून बसवतात. जुनं तिथंच लिंबाखाली राहिलं. आठ दिवसांनी स्टोअरला जमा करायचं म्हणून आणायला गेलो, तर त्याला शेंदूर, पुढे नारळ, अन् हात जोडून उभे चंपतराव पाटील.

"पाटील, हे बुशिंग आहे. परत न्या लागते."

"दूर राय गा लहानू! बौद्ध झाला म्हणून काय देवाले शिवशीन?"

मी मागे सरलो, अन् नजर नळ्याच्या तोंडाकडे गेली. बुशिंग बदललं त्या दिवशी काम संपल्यावर बिडी ओढून मी थोटूक त्याच नळ्यात खुपसलं होतं. ते अजून तिथंच होतं. त्यालाही शेंदूर फासला होता.