अमुकच्या जागी

"'अमुक' नाही, नाव घ्या," श्राद्ध सांगणारे वाध्यार साईकुमार दुसऱ्यांदा म्हणाले.

पोथीत मृताच्या गोत्राच्या आणि नावाच्या जागी 'अमुक' छापलं होतं. गोत्र नटराजांनी नीट घातलं. नावाशी आले आणि जीभ अडली. बायकोचं वर्षश्राद्ध, आणि तिचंच नाव तोंडातून निघेना. संसारभर ती 'अगे' होती. तिनंही यांचं नाव कधी घेतलं नाही. बँकेत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तर ती मुकाट्यानं त्यांचं कार्ड पुढं करायची.

"मी म्हणू का?" वाध्यार म्हणाले. "पण तुमच्या तोंडून गेलं नाही, तर तिला पोचायचं कसं?"

दाराशी बसलेला सेतू हसला आणि लगेच ओशाळला. नटराजांची बायको कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची; हा तिचा विद्यार्थी, आजच्यासाठी चेन्नईहून आलेला.

"काय झालं रे?" नटराजांनी विचारलं.

"माफ करा मामा. टीचरनं प्रोग्रॅमिंगमधलं जेनेरिक्स या 'अमुक'वरूनच शिकवलं. क्लास, म्हणजे कोडचा साचा, लिहिताना आत कुठला टाइप, कुठल्या प्रकारची माहिती येणार ते ठरवायचं नाही, तिथं नुसता 'टी' लिहायचा. त्या म्हणायच्या, मंत्र काय घराघराला वेगळा लिहितात? एकदाच लिहितात, जागा मोकळी ठेवतात. वापरणाऱ्यानं आपलं नाव घालायचं. एकदा घातलं की शेवटपर्यंत तेच. मध्येच दुसरं आलं तर तिथं वाध्यार अडवतात, इथं कोड तपासणारा कंपायलर अडवतो."

"शहाणी बाई!" वाध्यार म्हणाले.

नटराजांना हे ठाऊक नव्हतं. संकल्पाच्या वेळी ती दर्भानं त्यांच्या खांद्याला शिवून मागं बसायची. त्यांना वाटायचं, तिचं लक्ष चुलीवरच्या सांबाराकडे आहे.

"मग 'टी'च्या जागी काय घालायची ती?"

"नेहमी एकच नाव. मोठ्यानं म्हणत फळ्यावर लिहायच्या. आम्हाला वाटायचं, चिदंबरमचा देव. आज संकल्पात तुमचं नाव ऐकलं, तेव्हा कळलं."

वाध्यारांनी पोथीतल्या 'अमुक'वरचं बोट हलवलं नाही.

नटराजांनी ओंजळीत तीळ आणि पाणी घेतलं. गोत्र म्हटलं. मग "जयश्री" म्हणाले, वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.