शेवटचा हिरवा ठिपका

पडद्यावर चालू यंत्राचा एकच हिरवा ठिपका उरला होता, आणि गुंतवणूकदार बाई नेमक्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"बाकीची यंत्रं कुठे गेली?"

"विश्रांती घेतायत," भाऊ म्हणाला आणि हळूच कोपऱ्यापुढे आडवा उभा राहिला. लोकांनी परत आणून दिलेली यंत्रं तिथेच रचून ठेवली होती.

बहिणीने डोळे मिटून घेतले. प्रोग्राम तिने लिहिला होता आणि त्यापायी विमा कंपनीतली बरी नोकरी सोडली होती. आज बाई नाही म्हणाल्या तर सोमवारी तिला त्याच जुन्या साहेबापुढे तोंड पाडून उभं राहायचं होतं. भावाचं काम वेगळं. तो त्यांच्या टोकनची, म्हणजे डिजिटल नाण्याची, आर्थिक रचना बघायचा, म्हणजे बोलायचा आणि फळा भरायचा.

आताही तो सुटला. त्यांच्या टोकनचा हिशेब कुठल्या बँकेत नव्हता. लोकांच्या घरी ठेवलेली यंत्रं तो आपसात तपासत. यंत्र चालू ठेवणाऱ्याला रोज दहा टोकनं बक्षीस. बंद केलं की अनामत ठेवलेली शंभर टोकनं जप्त. "लोभ आणि भीती, बाई. माणूस जातो कुठे?"

"टोकनचा आजचा भाव काय?"

भाऊ पाणी प्यायला. बराच वेळ प्यायला.

"म्हणजे बक्षीसही कवडीमोल आणि दंडही कवडीमोल," बाई म्हणाल्या. "माझी अट साधी आहे. निदान पाच यंत्रं चालू हवीत, नाहीतर मी निघते. पण हे एक यंत्र दीडशे दिवसांत एकदाही बंद झालेलं नाही. ते का?"

"हाच तर रचनेचा विजय," भाऊ म्हणाला. सुंभ जळला तरी पीळ काही जात नव्हता.

"मग ते ज्यांच्या घरी आहे त्यांनाच विचारू. लावा फोन, स्पीकरवर."

बहिणीने यादी उघडली आणि तिचा चेहरा उतरला. यंत्र आत्याच्या घरी होतं.

"आत्या," भावाने आवाजात साखर पेरली, "यंत्र अजून चालू ठेवलंयस ते टोकनांसाठीच ना?"

"कसली टोकनं? अरे, ते छान गरम राहतं. आमची मांजर पहिल्या दिवसापासून त्याच्यावर झोपते. आता तिथेच व्यायलीय. बटणाकडे हात नेला की फिसकारते माझ्यावर. बंद करायची माझी काय बिशाद?"

भावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी पर्स उचलली.

"आणि ऐक, पिल्लांना घरं शोधून द्या आता," आत्याचं चालूच होतं. "दोन-तीन जणी मागतायत, पण मेली दुसरीकडे कुठे झोपतच नाहीत. यंत्राचीच सवय लागलीय."

बाई दारात थांबल्या.

"आत्या," बहिणीने विचारलं, "पिल्लं किती आहेत?"

"चार."

बहीण उठली, फळ्यावरची भावाची सगळी समीकरणं पुसली आणि लिहिलं: चार पिल्लं अधिक त्यांची आई, पाच यंत्रं.