भेटायला येणारी माणसं

“पक्षाघातानंतर मेंदूची सूज आवरता आवरता शरीराची प्रतिकारशक्तीच ढेपाळते. काही दिवस भेटायला कुणीही नको, छातीत जंतू शिरतील,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. केतकीने नुसती मान डोलावली आणि सासऱ्यांना, अण्णांना, घरी आणलं.

हात धुतल्याशिवाय आपल्या तान्ह्या लेकीला ती कुणाला शिवू देत नसे; पण अण्णांना बघायला आलेल्यांना दारातून परत कसं पाठवणार? माणसं दुखावतात.

माणसं शहाळी घेऊन आली. “मला सर्दी आहे गं, मी आपली लांबच बसते,” म्हणत आत्याबाई थेट अण्णांच्या उशाशी टेकल्या. शेजारचे गुर्जरकाका खोकत खोकत म्हणाले, “अण्णा, चार माणसं भेटली की माणूस निम्मा बरा होतो!”

आठवड्याच्या आत न्यूमोनियाने गाठलं. आता अण्णा आयसीयूत आहेत. तिथला रखवालदार कुणालाच आत सोडत नाही आणि गंमत म्हणजे, कुणीही दुखावत नाही.

काचेतून अण्णांची धपापणारी छाती बघत केतकी तुम्हाला विनवते आहे: तुमच्या ओळखीत कुणी नुकतंच अशा झटक्यातून उठलंय का? त्यांना ताप, खोकला नाही ना, आत्ताच चौकशी करा. फोनवरून. शहाळं नंतर.