काळ्या थरावरचे ओरखडे

"ते वर झोपलेत," वहिनी म्हणाल्या, आणि कोटिंगवाला आत आल्यावर त्यांनी दाराला कडी लावली.

एरवी या घराचं दार दिवसभर उघडं असायचं. दाराशी मोठ्या मापाच्या, चिखल वाळलेल्या चपला होत्या. त्या मास्तरांच्या नव्हत्या. मास्तर चपलाही पुसून ठेवणाऱ्यांतले.

"माझा भाऊ आलाय," वहिनींनी त्याची नजर ओळखून सांगितलं. भाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो हसला नाही की या-बसाही म्हणाला नाही.

कोटिंगवाला आणि मास्तर तरुणपणापासून काळी मनगटी घड्याळं जमवत आले होते. गल्लीत त्यांना राहू-केतू म्हणत. खरं तर वेड घड्याळांचं नव्हतंच, वेड त्यांच्यावरच्या काळ्या थराचं. कुठला थर वर्षभरात पांढरा पडतो, कुठला जन्मभर साथ देतो, यावर दोघं तासन् तास भांडत. कोटिंगवाल्याच्या कारखान्यात हत्यारांवर असेच थर चढवत, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. एकदा दोघांनी एकसारखी दोन घड्याळं घेतली, सगळ्यात कठीण थराची. ती रोज वापरायची आणि वर्षातून एकदा याच खिडकीशी भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवायची, असं ठरलं. जमवलेली बाकीची घड्याळं मास्तरांकडच्या काचेच्या कपाटात असत.

आज तो दिवस होता. पण मास्तर उन्हाळ्याच्या तोंडी फिरायला म्हणून बाहेर पडले ते परतलेच नव्हते. त्यांना शोधायला कोटिंगवाला सगळ्यांच्या पुढे होता. नदीकाठ, बसस्थानक, जंगलातली वाट. कुठे शोधायचं तेही तोच ठरवायचा. आणि काल वहिनींचा फोन आला, ते घरी आलेत, ठरल्याप्रमाणे या. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पण न येणं बरं दिसलं नसतं.

"होते कुठे इतके दिवस?"

"लांबच्या एका इस्पितळात. स्वतःचं नाव सांगण्याइतकीही शुद्ध नव्हती."

"मला आधी का नाही कळवलंत, वहिनी?"

"त्यांनीच नको म्हटलं, भाऊजी."

"वर जाऊन बघतो मी."

"डॉक्टरांनी माणसं नको म्हटलंय." वहिनींनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "घड्याळ दिलंय त्यांनी. तुम्हाला दाखव म्हणाले."

वर कसलाच आवाज नव्हता. खोकला नाही, पलंगाची कुरकुर नाही. कोटिंगवाल्याला भीती वाटली. चहाला त्याने हात लावला नाही.

वहिनींनी रुमाल सोडून घड्याळ टेबलावर ठेवलं. चावीजवळचा टवका त्याने लगेच ओळखला. पहिल्याच वर्षी ते त्याच्या हातून फरशीवर पडलं होतं, तेव्हाचा. घड्याळ मास्तरांचंच होतं.

मग त्याने पट्टा पाहिला. मास्तरांचं मनगट जाड, पट्टा कायम दुसऱ्या भोकात. आता शेवटच्या भोकाशी ताजी घडी पडली होती. म्हणजे हे घड्याळ कुणीतरी दुसरंच घालत होतं. त्याने वहिनींच्या हातांकडे पाहिलं. त्यांचं मनगट काडीसारखं होतं.

"कपाट आहे तसंच आहे," वहिनी म्हणाल्या. "हे सगळं विकायचं म्हणत होते. त्यावरून तुमचं वाजलंही होतं ना?"

"वाजलं कसलं? भांड्याला भांडं लागायचंच."

"आणि थर तर अगदीच कच्चा निघाला." त्यांनी घड्याळाची खालची कड बोटाने दाखवली. काळ्यावर पांढरेफटक ओरखडे होते. "कुंपणाच्या विटांना घासलं म्हणे, तेवढ्यात गेला. एवढं कौतुक करत होतात तुम्ही दोघं."

कोटिंगवाला गप्प राहू शकला असता. पण तसलंच घड्याळ त्याच्याही मनगटावर होतं, आणि थराबद्दल कुणी चुकीचं बोललेलं त्याने आजवर कधी खपवून घेतलं नव्हतं.

"विटेने?" त्याने खिशातलं भिंग काढलं. "विटेच्या बापालाही जमणार नाही. हा फत्तर आहे, वहिनी."

"मग त्यावर पडले असतील."

"पडल्यावर टवका उडतो. हे बघा, लांब आणि सरळ ओरखडे. हात वर होता. घड्याळ कातळाला टेकलेलं, आणि माणूस खाली खाली घसरत होता. काहीतरी धरायला बघत होता."

"एवढं कळतं यावरून?"

"त्याला नजर असावी लागते," कोटिंगवाला म्हणाला. त्याच्या आवाजात जुना तोरा आला होता.

भाऊ स्वयंपाकघराच्या दारातून हलला आणि कडी लावलेल्या दारापुढे जाऊन उभा राहिला.

"त्यांनाही एवढंच आठवतं," वहिनी म्हणाल्या. "पण डोक्याला मार लागलेल्या माणसाचं कोण खरं मानतो? म्हणाले, त्याला फक्त घड्याळ दाखव आणि थराला नावं ठेव. बाकीचं तो स्वतःच सांगेल."

वर पलंग कुरकुरला. मग जिन्यावर एक पाऊल वाजलं, आणि एक काठी. परत पाऊल, परत काठी. कठड्यावर आधी एक मनगट दिसलं, वाळून काडीसारखं झालेलं.

कोटिंगवाल्याच्या हातातलं भिंग गळून पडलं. ते ओरखडे वाचायला त्याला भिंग लागलंच नव्हतं. त्या दिवशी मास्तरांना ढकलल्यावर तो जंगलापलीकडच्या दगडखाणीच्या काठावर वाकून उभा राहिला होता, आणि कातळावर घासत जाणाऱ्या त्या घड्याळाचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत त्याने ऐकला होता.