पहिली पुंगळी

"घोडा चढवायचा, पण आत्ता नाही. ते येतील तेव्हा," एल्गिन नातीच्या कानाशी पुटपुटला.

"माहितीये, ओपा. दहादा सांगितलंस."

ट्रूडी उलट्या बादलीवर बसली होती. वय नऊ, कानात बोळे, मांडीवर लहान नळीची एकबारी बंदूक. त्या घरातलं प्रत्येक पोर याच बंदुकीवर शिकलं होतं. समोर वाळून माना टाकलेली सूर्यफुलं, त्यांच्यापलीकडे गुरांचं तळं. सप्टेंबरची पहिली तारीख, होल्यांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. आज सगळं टेक्सास असंच कुठल्या ना कुठल्या कुंपणाशी दबा धरून बसलेलं असतं.

"तू माझ्या मागे का बसलास?"

"तुझ्या डोक्यावरून मला छान दिसतं म्हणून."

एल्गिनच्या हातात त्याची स्वतःची बंदूक होती, मोठ्या नळीची. सकाळी थर्मासमध्ये कॉफी भरताना त्याच्या लेकीनं, म्हणजे ट्रूडीच्या आईनं, मार्लानं बजावलं होतं, "पपा, तिला चुकू द्या. या वेळी मदत नको."

"मी कधी कुणाला मदत केली?"

मार्लानं नुसतं खिडकीकडे पाहिलं होतं. तिथे तिच्या पहिल्या होल्याची पुंगळी, उडालेल्या काडतुसाचं रिकामं नळकांडं, अजून उभी होती. त्या होल्यानंतर मार्ला पुन्हा कधी शेतावर आली नाही.

एल्गिनचा हिशेब सोपा होता. पहिल्या दिवशी पक्षी पडला की पोर पुढच्या वर्षी आपण होऊन गाडीत चढून बसतं; रिकाम्या हातानं परतलं की गेलंच फुटबॉलला. मार्लाच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकला होता. पण एल्गिन चुकलेला हिशेब टाकून देणाऱ्यातला नव्हता, पुन्हा मांडून बघणाऱ्यातला होता. गुडघे अजून दोनेक हंगाम साथ देतील. ते एकट्यानं बसून काढायची त्याची तयारी नव्हती.

मेस्किटच्या झाडांवरून एक होला तिरका आला. ट्रूडी उठली. अंगठ्यानं घोडा मागे ओढला, बंदूक खांद्याला लावली, श्वास रोखला. तिच्या डोक्यावरून एल्गिनची नळीही तेवढीच वर गेली. तिनं चाप ओढला त्या क्षणी त्यानंही ओढला.

होला हवेत गोळा झाला आणि पडला.

"लागला! ओपा, लागला!"

"लागला ना!" एल्गिन म्हणाला. खोटं त्यातलं काहीच नव्हतं. दोन बार, एक पक्षी. कुणाचा छर्रा लागला ते देवाला ठाऊक. ही एवढी शंका त्यानं मुद्दाम राखून ठेवली होती.

ट्रूडी बंदूक त्याच्या हाती देऊन धावली आणि अर्ध्या वाटेत थांबली. होला जिवंत होता. एक पंख मातीवर आपटत तो गोल गोल फिरत होता.

"ओपा, तू ये."

"ज्याचा पक्षी त्याचे हात, बाळा. आपल्याकडे असंच आहे. मान धर, एकदाच पिरगळ. थांबलीस तर त्याला जास्त दुखेल."

ती वाकली. थांबली नाही. डोळेसुद्धा मिटले नाहीत. एल्गिनला वाटलं होतं, मिटेल.

मग होला दोन्ही हातांवर धरून ती परत आली. "मऊ आहे," एवढंच म्हणाली.

"संध्याकाळी मिरची भरून भाजू. आई करते तसा."

"मला भूक नाहीये." तिनं होला बादलीशेजारी ठेवला. "माझी पुंगळी दे हं, आईसारखी. हात धुऊन येते."

ती तळ्याकडे गेली. एल्गिननं तिची बंदूक बिजागरीशी वाकवून उघडली. पुंगळी बाहेर यायला हवी होती. आलं ते भरलेलं काडतूस. पितळी बुडावर घोड्याची साधी टोचही नव्हती. पोरीनं घोडा अर्धाच चढवला होता. तिची बंदूक उडालीच नव्हती.

देवाला ठाऊक होतं ते आता एल्गिनलाही ठाऊक झालं.

त्यानं तळ्याकडे पाहिलं. ट्रूडी उकिडवी बसून हात धूत होती. धुऊन झाले तरी धूतच होती. हाक मारून सांगता आलं असतं: पोरी, तो तू मारलाच नाहीस. मग ती विचारणार, की मान कुणी पिरगळली?

एल्गिननं काडतूस पुन्हा आत सरकवलं, घोडा पुरता चढवला आणि रिकाम्या आभाळात बार काढला.

ट्रूडीनं मान वळवली. "चुकला?"

"चुकला!"

पँटला हात पुसत ती आली. त्यानं पुंगळी काढून तिच्यापुढे धरली. "ही घे. पहिली. आता पुढच्या वर्षी..."

ट्रूडीनं ती मुठीत घेतली. मूठ मिटली आणि लगेच उघडली. तिनं पुंगळीकडे पाहिलं, मग बादलीशेजारच्या होल्याकडे. त्याच्यावर एव्हाना मुंग्या चढल्या होत्या.

"ओपा," ती म्हणाली, "ही अजून गरम आहे."