गाडीखाली सोबत

"टेकू लावलेस का?" आईने तिसऱ्यांदा विचारलं.

"जॅक आहे ना!" गाडीखालून मुलाचा आवाज आला. "पाचच मिनिटांचं काम आहे."

आई दारातल्या खुर्चीवर बसली होती. तिथून तिला मुलाचे फक्त पाय दिसत होते. वरचा सगळा मुलगा गाडीखाली. गाडीचं पुढचं तोंड एकट्या जॅकने उचललेलं, जॅक अंगणातल्या फरशीवर, आणि ऑइलचा बोल्ट काही केल्या सुटत नव्हता. तो पान्याला हिसका द्यायचा की अख्खी गाडी हलायची.

"बुडत्याला काडीचा आधार, तसा तुझा तो जॅक. ते लोखंडी टेकू कशाला आणलेत मग? पुजायला?"

"माळ्यावर आहेत गं, गाद्यांच्या मागे. काढायचे म्हणजे अर्धा तास जाईल."

"जाऊ दे की!"

"आई, तू आत जा बघू."

आई आत गेली नाही. तीस वर्षं ती अपघात विभागात सिस्टर होती. स्ट्रेचरमागून धावत आलेल्या माणसांचं एक वाक्य तिला पाठ होतं. पाचच मिनिटांचं काम होतं हो, सिस्टर. बायका म्हणायच्या, भाऊ म्हणायचे, शेजारी म्हणायचे. ती त्यांना पाणी द्यायची आणि बाकावर बसवायची. परक्यांनी तिचं निमूट ऐकलं, घरात मात्र पिकतं तिथे विकत नाही.

पुन्हा हिसका बसला. पुन्हा गाडी हलली.

मुलाला आधी खुर्चीचे पाय सरकलेले दिसले. मग काठी पडल्याचा आवाज आला. मग फरशीवर टेकलेला एक तळहात, मग कोपर. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून आई जमिनीवर बसलेली नव्हती. आता ती चक्क आडवी होत होती.

"आई! पडलीस का?"

"पडतेय कशाला? सरक जरा तिकडे."

आणि ती कोपरांवर रेटा देत, कण्हत, गाडीखाली आली. खांद्याला खांदा लावून पाठीवर पडली. तिला चांगलीच धाप लागली होती.

"अगं, वेड लागलंय का तुला? आधी बाहेर हो!"

"का? जॅक आहे ना."

"चेष्टा नको, आई. जॅक सटकला तर..."

आईने वरच्या पत्र्याकडे पाहिलं.

"बाहेर बसून बघवत नाही रे मला," ती म्हणाली. "भीती वाटते. त्यापेक्षा हे बरं."

"बरं, चुकलो. टेकू लावतो. पण तू निघ."

"मला आता निघता यायचं नाही. आले तीच कशीबशी."

ती हट्टाने बोलत नव्हती. गुडघेच साथ देणार नव्हते, आणि खाली टेकण्याआधीच तिला ते ठाऊक होतं.

तो बाहेर सरकू लागला. पाठ घासत, श्वास आवरून, कुठे गाडीला धक्का लागू नये म्हणून बोटभर, बोटभर. बाहेर येऊन वळला, तेव्हा त्याला जॅकखालची फरशी दिसली. तिला आरपार चीर गेली होती. जॅक एका अंगाला कलला होता.

"हलू नकोस! आई, अजिबात हलू नकोस हं!"

माळ्यावरच्या गाद्या धडाधड खाली आल्या. अर्धा तास कुठला, दोन मिनिटंही लागली नसतील. त्याने खाली जाड फळ्या टाकल्या, त्यांवर दोन्ही बाजूंना टेकू उभे केले, गाडीच्या पोटाला भिडेपर्यंत चढवले.

"लागले?" आतून आईने विचारलं.

"लागले."

"मागच्या चाकांना दगड?"

"लावलेत."

"मग आता चादर आण. पाय ओढू नकोस माझे, गुडघ्यांचं वाटोळं होईल. पाठीखाली चादर घाल आणि सावकाश ओढ. पेशंट असाच काढतात."

त्याने तिला तसंच काढलं. काखेत हात घालून खुर्चीवर बसवलं आणि पाण्याचा ग्लास तिच्या ओठांना लावला. मग एकदम भडकला.

"काही झालं असतं म्हणजे? काय केलं असतं मी?"

"तेच म्हणत होते मी मघापासून," आई म्हणाली. "रडू नकोस आता. जा, काम उरक."

डोळे पुसून तो पुन्हा आत शिरला. गाडी आता तसूभरही हलत नव्हती. त्याने पाना उचलला.

"काय रे, सुटला का बोल्ट?" बाहेरून आईने विचारलं.

पाना बोल्टला लावायला त्याने वर पाहिलं. वरच्या पत्र्यावर वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ यांचा काळा थर होता. त्या थरात आईचे दोन तळहात उमटले होते, ताजे, बोटं फाकलेले. आई पडली होती तिथे नव्हे. मघाशी तो जिथून सरकत बाहेर पडला, तिथे, त्याच्या छातीच्या बरोबर वर. जोर एवढा लावलेला होता की थर पार पुसला जाऊन आतला पत्रा चमकत होता.