साडेसात टक्के

"दर थोडा बदललाय," कर्जवाल्याने कागद तिच्यापुढे सरकवला. "साडेनऊ."

ब्रेकबाईने कागदाला हात लावला नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे तिला याच नावाने ओळखायचे. शिकणारा दचकायच्या आत हिचा पाय ब्रेकवर पडलेला असायचा. आज मात्र पायाखाली ब्रेकच नव्हता. काचेच्या दाराबाहेर टेम्पो उभा होता. मागे अख्खा संसार दोरांनी आवळलेला आणि पुढे ड्रायव्हरशेजारी सासू, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन. जुन्या घराची किल्ली सकाळीच मालकाला दिली होती. नव्या घराची किल्ली इथे सह्या झाल्यावर मिळणार होती.

"वेबसाइटवर साडेसात होतं," ती म्हणाली. "सगळ्या कंपन्यांचे दर शेजारी शेजारी मांडलेले. तुमचा सगळ्यात कमी, म्हणून तुमच्याकडे आलो. फोनवरसुद्धा तुम्ही साडेसातच म्हणत होतात. परवापर्यंत."

"तो सूचक दर असतो, मॅडम. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं." तो हसला. दात अगदी पांढरेशुभ्र होते. "तुमच्या प्रकरणात वरच्यांना जोखीम दिसली."

"कसली जोखीम?"

"ते मलाही सांगत नाहीत."

नवरा खुर्चीच्या टोकावर बसला होता. त्याने घसा खाकरला. "साहेब, थोडं इकडे-तिकडे नाही का होणार?"

"आज सह्या झाल्या तर साडेनऊत बसवतो. उद्याचं माझ्या हातात नाही." कर्जवाला काचेतून बाहेर बघत म्हणाला, "आणि घर विकणाऱ्याने तुम्हाला आजचीच मुदत दिलीय ना? सामानही निघालेलं दिसतंय."

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळी याचाच फोन आला होता. सामान निघालं का, मॅडम? आईंना नीट बसवा हं. फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली होती, किती आपुलकीने विचारतो हा माणूस. आपुलकी कसली! परतीचे दोर कापले गेलेत ना, तेवढं बघून घेत होता.

"म्हणजे आमचं घर रिकामं होईपर्यंत थांबलात तुम्ही."

"तुम्ही भलताच अर्थ काढताय."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो त्यांच्यासमोरच घेतला. उठून बाजूला जायचीही त्याला गरज वाटली नाही.

"बोला ताई! हो, वेबसाइटवर पाहिलात तोच दर. साडेसात. अहो, शब्द आहे माझा! इथेच आलाय जवळ? मग या की, सगळं समजावून सांगतो." फोन खाली ठेवताच आवाजातला गोडवाही उतरला. "हं. इथे सही. आणि इथे."

नवऱ्याने पेन उचललं. "करून टाकू गं," तो हळूच म्हणाला. "आई किती वेळची अवघडून बसलीय. कुठे जाणार आहोत आपण?"

"कुठेच नाही," ती म्हणाली आणि उठली.

दार ढकलून ती पायरीवर आली. भर चौकात आडव्या घुसणाऱ्या ट्रकवाल्यांना जागच्या जागी थिजवणारा तिचा तो आवाज. "ए, दोर सोड रे! सामान उतरव."

ड्रायव्हर तिच्याच हाताखाली शिकलेला होता. तरी गोंधळलाच. "इथे, बाई?"

"इथेच. आत. आधी आईंना घे."

सासू वॉकर टेकत आत आली आणि गिऱ्हाइकांसाठीच्या सोफ्यावर पंख्याखाली बसली. पाठोपाठ गाद्यांची वळकटी आली. मग शेगडी, बादल्या, भांड्यांची पोती. मग दोघा हमालांच्या खांद्यावरून कपाट. कोपऱ्यातली शोभेची कुंडी कलंडली, माती फरशीभर झाली. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

कर्जवाला धावत केबिनबाहेर आला. "काय चाललंय हे? उचला सगळं! पोलिसांना बोलावीन मी!"

"बोलवा ना," ब्रेकबाई म्हणाली. "त्यांना साडेसात सांगायचं की साडेनऊ, ते फक्त आधी ठरवून ठेवा."

"मॅडम, तमाशा करू नका. बसून बोलू आपण."

"बसायलाच तर आलोय."

खाट दारात अडकली. हमाल ओढत होते, पण ती ना आत येत होती ना बाहेर जात होती. नवरा अजून केबिनच्या दाराशी पेन धरून उभा होता. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. लोक आपल्याला बघताहेत, या विचाराने त्याचे कान लाल झाले होते. मग पेन खिशात घालून तो पुढे झाला आणि त्याने खाटेचा पाय धरला.

"तिरकी घ्या, तिरकी! माझ्याकडे कलवा!"

खाट आत आली आणि थेट केबिनच्या दाराला आडवी बसली. कर्जवाला पुन्हा आत शिरून वरच्या साहेबांना फोन लावत होता. "नाही सर, माणसं नुसती आलेली नाहीत... सामान, सर. खाट, कपाट... हो सर, गाद्यासुद्धा."

तेवढ्यात पायरीवर एक बाई आली. खांद्याला पर्स, हातात कागदांची फाइल. नवं घर बघून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो, तसा आनंद अजून चेहऱ्यावर होता. कपाट आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरत ती आत आली. केबिनमधून कर्जवाला दोन्ही हात हलवत होता, पण खाट ओलांडून त्याला काही येता येईना.

"घराच्या कर्जाचं ऑफिस हेच ना?" तिने सासूला विचारलं.

"हेच की," सासू म्हणाली आणि पिशवी उचलून तिच्यासाठी शेजारी जागा केली. "ये, बस. आम्ही आता इथेच राहतो."